‘सायकल तुझीच ना रे?’ : सायकल चोरीला जाताना दिसली तर काय करायचं

मी पुण्यात नवा होतो तेव्हा एकदा सायकलची किल्ली हरवली. मेसमध्ये पडली की अभ्यासिकेत, देव जाणे. शेजारच्या हार्डवेअरच्या दुकानातून हॅक्सॉ ब्लेड आणलं आणि भर दुपारी, भर रस्त्यात बसून स्वतःच्याच सायकलचं कुलूप कापायला लागलो. चांगला अर्धा तास लागला. शेकडो लोक शेजारून गेले. एक गृहस्थ थांबले, मला वाटलं आता हटकणार. ते म्हणाले, “ब्लेडला थोडं तेल लाव, पटकन कापेल.” आणि गेले.

कोपऱ्यावर शेंगा विकणाऱ्या आजी मात्र बराच वेळ बघत होत्या. त्यांनी बसल्या जागेवरूनच हाक मारली, “सायकल तुझीच ना रे?” मी वैतागून हो म्हटलं. “मग किल्ली कुठंय?” हरवली म्हणून सांगितलं. त्यांनी माझ्याकडे एकदा नीट, पायांपासून डोक्यापर्यंत बघून घेतलं आणि पुन्हा शेंगा भाजायला लागल्या.

तेव्हा राग आला होता. आता वाटतं, त्या रस्त्यावर नीट वागलेलं माणूस तेवढं एकच होतं. त्यांनी आळ घेतला नाही, गर्दी जमवली नाही, जागची हलल्याही नाहीत. पण मी चोर असतो तर त्या एका प्रश्नानं आणि त्या बघण्यानं माझा हात नक्की थरथरला असता.

हा लेख दरवर्षी लातूर, परभणी, बीड, सोलापूरकडून स्पर्धा परीक्षेसाठी सदाशिव, नारायण, नवी पेठेत येणाऱ्या मुलामुलींसाठी आहे. इथं अभ्यासिकेबाहेर रात्री अकरापर्यंत सायकलींची रांग असते, बहुतेक जुन्या, हातोहात विकत आलेल्या. त्यातली एखादी कुणीतरी वेगळाच माणूस उचलताना तुम्हाला कधी ना कधी दिसेल. तेव्हा काय करायचं, ते क्रमानं सांगतो.

आधी दहा सेकंद नुसतं बघा

कुलूप कापणारा प्रत्येक जण चोर नसतो. किल्ली हरवणं हा पेठांतला रोजचा प्रकार आहे. मागच्या चाकाला गोल कुलूप लागलेलं, म्हणून मागची बाजू हातानं उचलून पुढच्या एका चाकावर सायकल ढकलत नेणारा मुलगा दिसला, तर तो चोर असू शकतो, तसाच चावीवाल्याकडे निघालेला मालकही असू शकतो. दुचाकीवर मागे बसून एका हातानं सायकल धरून नेणारे दोघे चोर असतील, किंवा पंक्चर झालेली सायकल दुकानात नेणारे रूम पार्टनर. अभ्यासिकेची जागा बदलली की टेम्पोत सायकली चढवणारेही असतात. परदेशात शिकायला गेलेल्यांना तर आणखी एक धक्का बसतो. ॲमस्टरडॅममध्ये चुकीच्या जागी लावलेल्या सायकली नगरपालिकेचेच कर्मचारी कुलूप तोडून डेपोत घेऊन जातात. नव्या माणसाला वाटतं, दिवसाढवळ्या चोरी चाललीय.

मग बघायचं काय? माणसाची नजर बघा. मालक सायकलकडे बघतो, चोर रस्त्याकडे बघतो. मालक थेट आपल्या सायकलीपाशी जातो. चोर तीन-चार सायकलींची कुलपं हलवून बघतो आणि जी सैल असेल तिथं थांबतो. बरोबरचा एक जण विनाकारण लांब, कोपऱ्यावर, गाडी चालू ठेवून उभा असेल तर तेही ध्यानात घ्या. यातली एक खूण पुरेशी नाही, दोन-तीन जुळल्या तर संशयाला जागा आहे.

एक गोष्ट मात्र अजिबात बघायची नाही: कपडे, रंग, बोलण्याची ढब, पाठीवरचं गोणपाट. भंगार वेचणारी बाई रांगेजवळून गेली म्हणून ती चोर होत नाही. इंग्रजांनी 1871 मध्ये कायदा करून काही जमातींवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला, तो कायदा 1952 मध्ये गेला, पण शिक्का आपल्या डोळ्यांत अजून शिल्लक आहे. पारधी किंवा तसल्याच कुठल्या जमातीचा म्हणून माणसाला हटकणं, ही सायकल चोरीपेक्षा वाईट गोष्ट आहे. संशय घ्यायचाच तर हात काय करताहेत त्यावरून घ्या.

विचारा, पण लांबून

माणूस एकटा आहे, उजेड आहे, आजूबाजूला दुकानं उघडी आहेत, तर विचारा. पाच-सहा पावलांवरून, हसऱ्या चेहऱ्यानं. “काय दादा, किल्ली हरवली का?” हा माझा आवडता प्रश्न. खरा मालक लगेच रडगाणं सुरू करतो, किल्ली कुठं गेली, चावीवाला किती मागतोय, सगळं सांगतो. त्याला मदत हवी असते. चोर एक तर गप्प बसतो, नाहीतर “मित्राची आहे” म्हणतो. मित्राची असेल तर मित्राचं नाव, तो कुठल्या अभ्यासिकेत बसतो, त्याला एक फोन लावता येईल का, इतकं विचारलं की पुरे. उत्तरं पटली नाहीत तरी तिथं वाद घालू नका. तुमचं काम झालेलं आहे, त्याला कळलंय की त्याला कुणीतरी पाहिलंय. पुष्कळदा एवढ्यावरच तो “येतो मित्राला घेऊन” म्हणून सटकतो.

हातात कटर किंवा ग्राइंडर असेल, दोघं-तिघं असतील, रात्र असेल, बोळ सुनसान असेल, तर विचारायचंही नाही. लोखंड कापणारं हत्यार माणसालाही कापतं. तिथून सरळ चालत पुढे जा, कोपरा वळा आणि फोन काढा. मुलींनो, एकट्या असाल तर उजेडातही विचारायच्या फंदात पडू नका, चहाच्या टपरीवाल्या मामांना किंवा वॉचमनला पुढे करा. यात भित्रेपणा काही नाही.

112 वर काय बोलायचं

चोरी चालू आहे असं वाटत असेल तर 112 लावा. पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका यांना हा एकच नंबर आहे. चोरी होऊन तास उलटला असेल तर 112 कशाला, जवळच्या पोलीस ठाण्यात जा.

फोनवर लोकांची पहिली चूक ही होते की ते गोष्ट सांगायला सुरुवात करतात. “मी ना आत्ता मेसवरून येत होतो, तर...” आधी जागा सांगा, फोन मध्येच तुटला तरी जागा पोचलेली असते. आणि जागा म्हणजे ‘टिळक रस्त्यावर’ नव्हे. टिळक रस्ता अलका टॉकीजच्या चौकापासून स्वारगेटपर्यंत जातो, पोलिसांनी शोधायचं कुठं? समोरच्या दुकानाची पाटी वाचा. पुण्यात पाट्यांची वानवा नाही. चौक, त्या चौकातून कुठल्या बाजूला, दुकानाचं नाव, इमारतीचं नाव, एवढं सांगा. मग काय चाललंय, एका वाक्यात: “दोघे जण अभ्यासिकेबाहेरच्या सायकलीचं कुलूप कापताहेत, माझी सायकल नाही, मी साक्षीदार आहे.” मग माणसं किती, हातात काय, गाडी कुठली, कुठल्या दिशेला तोंड करून उभी. ‘चोरच आहेत’ असं छातीठोक सांगू नका. ‘चोरी वाटतेय’ म्हणा. उद्या तो मालक निघाला तर तुम्ही खोटं बोलला नव्हता.

गाडी यायला वेळ लागेल. तोवर सुरक्षित जागी थांबता आलं तर थांबा, आणि डोकं चालवा.

डोळ्यांनी टिपायच्या गोष्टी

शर्टाचा रंग सगळे सांगतात आणि तोच सगळ्यांत कुचकामी, कारण शर्ट पाच मिनिटांत बदलता येतो. चप्पल-बूट सहसा बदलत नाही, ते बघा. चालण्यातली लकब, हातावरचं गोंदण, दाढी, चष्मा, पाठीवरच्या सॅकवर छापलेलं नाव. उंची सांगताना फुटात अंदाज बांधू नका, चुकतोच. एखाद्या खांबाशी, शटरशी ताडून ठेवा: “एटीएमच्या दारावरच्या पट्टीपर्यंत डोकं येत होतं.”

गाडीचा नंबर पूर्ण दिसला नाही तरी शेवटचे चार आकडे घ्या. सायकलचंही वर्णन लागतं: मडगार्ड आहे का, कॅरिअर आहे का, सीट फाटकी की नवी, हँडलवर काय बांधलंय, स्टिकर कुठला. कुठल्या दिशेला गेले ते सांगताना लक्षात ठेवा, बाजीराव रस्ता, लक्ष्मी रस्ता हे एकेरी आहेत पण सायकल हातात धरून नेणाऱ्याला एकेरी-दुहेरी काही नसतं, तो बोळात शिरतो.

हे सगळं लगेच मोबाइलच्या नोट्समध्ये लिहा, वेळेसकट. मित्राला गोष्ट सांगण्याआधी लिहा. आपण गोष्ट सांगताना ती रंगवतो आणि दुसऱ्या दिवशी रंगवलेलीच खरी वाटायला लागते.

हात लावायचा नाही

इथं जरा थांबतो, कारण सगळ्यांत जास्त घोटाळे इथं होतात. चार पोरं मिळून चोराला धरतात, दोन थोबाडीत देतात, खांबाला बांधतात, व्हिडिओ काढतात. सगळ्यांना वाटतं आपण पराक्रम केला.

कायदा काय म्हणतो ते नीट बघा. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे आणि चोरी तिच्या कलम 303 मध्ये येते. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. सामान्य माणसालाही गुन्हेगाराला पकडता येतं, ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 40 मध्ये आहे. पण अट आहे: गुन्हा तुमच्या डोळ्यांदेखत घडलेला हवा आणि तो दखलपात्र (म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) व अजामीनपात्र (म्हणजे जामीन हक्कानं मिळत नाही असा) हवा. आणि पकडलेल्याला विनाकारण उशीर न करता, फार तर सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यायला हवं.

आता गोम अशी, की पाच हजार रुपयांच्या आतल्या चोरीला नव्या कायद्यानं वेगळी वाट दिली आहे. पहिल्यांदाच दोषी ठरलेला माणूस वस्तू किंवा तिची किंमत परत करत असेल तर त्याला समाजसेवेची शिक्षा आहे, आणि तो प्रकार अदखलपात्र, जामीनपात्र धरला आहे. पेठेतली जुनी सायकल किती रुपयांची असते? दोन, फार तर तीन हजारांची. म्हणजे ज्या अधिकाराच्या भरवशावर तुम्ही त्याची कॉलर धरली, तो अधिकार तिथं तुम्हाला असेलच असं नाही. रस्त्यात उभं राहून सायकलची बाजारभावानं किंमत ठरवून मग कॉलर धरणार आहात का?

मारहाणीचा अधिकार तर कुणालाच नाही, चोर कितीही खरा असो. दुखापत केली, डांबून ठेवलं, तर गुन्हा तुमच्यावर दाखल होतो. आणि स्पर्धा परीक्षेच्या पोरांनो, हे कान उघडे ठेवून ऐका: निवड झाल्यावर चारित्र्य पडताळणी होते ना, तिच्यात तुमच्यावर दाखल असलेला गुन्हा दिसतो. दोन हजारांच्या, तीही दुसऱ्याच्या सायकलीपायी.

‘चोर, चोर’ म्हणून ओरडण्याबद्दलही माझं मत स्पष्ट आहे. ओरडू नका. तुम्ही ओरडता तेव्हा फक्त तुम्ही ओरडत असता, पण धावून येणाऱ्या तीस जणांना काय चाललंय हे माहीत नसतं. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा इथं मुलं पळवणारी टोळी समजून भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. 16 एप्रिल 2020 ला पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथं चोरांच्या अफवेवरून दोन साधू आणि त्यांच्या गाडीचा चालक गेला. त्या जमावांतही पहिली हाक कुणीतरी एकानंच मारली असेल. आवाज करायचाच असेल तर “अहो सायकलवाले, तुमच्या सायकलीपाशी कुणीतरी आहे” असं अभ्यासिकेच्या दारात जाऊन आत सांगा. मालक बाहेर येतो, चोर पळतो, कुणाचं डोकं फुटत नाही.

कुणाला लोकांनी आधीच धरलं असेल आणि मारताहेत असं दिसलं, तर 112 ला त्यासाठी पुन्हा फोन करा आणि तेच आधी सांगा. सायकल नंतर.

व्हिडिओ काढा, वाटू नका

लांबून, आडोशानं, शक्य असेल तर व्हिडिओ काढा. चोराच्या तोंडासमोर मोबाइल धरू नका, मोबाइल सायकलीपेक्षा महाग असतो. सुरुवातीला एकदा दुकानाची पाटी टिपा म्हणजे जागा त्यातच येते. मग ती फाइल आहे तशी ठेवा. कापू नका, त्यावर बाण काढू नका, गाणं तर मुळीच घालू नका. व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रत दाबून लहान केलेली असते, त्यामुळे मूळ फाइल मोबाइलमधून पुसू नका. न्यायालयात डिजिटल पुरावा द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. ते कसं भरायचं हे तपास अधिकारी सांगतात, तुम्ही मूळ फाइल तेवढी सांभाळा.

आणि ती इन्स्टाग्रामवर टाकू नका. दोन कारणं. एक, तो मालक निघाला तर तुम्ही एका निरपराध माणसाची अब्रू घेतली. दुसरं, सायकल उचलणारा कितीतरी वेळा पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा असतो. बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 74 प्रमाणे अठराच्या आतल्या मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, मग त्यानं काहीही केलेलं असो. गल्लीच्या ग्रुपवर ‘या चोराला ओळखता का’ म्हणून फोटो टाकणारे काका याच कायद्याच्या कचाट्यात येऊ शकतात.

सायकल गेली. पुढं?

रांगेत रिकामी झालेली जागा बघा, तुटलेलं कुलूप पडलं असेल तर हात न लावता फोटो घ्या. मालक कोण, ते अभ्यासिकेच्या व्यवस्थापकाला विचारा. सापडला नाही तर दारावर चिठ्ठी लावा: इथून अमुक वाजता अशी अशी सायकल गेली, मी पाहिलं, व्यवस्थापकाकडे माझा नंबर आहे. (नंबर चिठ्ठीवर लिहू नका, विनाकारण फोन येत राहतात.)

समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्याचं चित्रण त्याच दिवशी मागा. काही दिवसांत जुनं पुसून त्यावर नवं चढतं. दुकानदार अनोळखी पोराला प्रत देणार नाही, आणि ते बरोबरच आहे. “पोलीस येतील, तोवर एवढा तास जपून ठेवा” इतकीच विनंती करा.

तक्रार मालकानं करावी हे उत्तम, पण पाहणाऱ्यालाही माहिती देता येते. ठाण्यात एक शब्द जपून वापरा. ‘हरवली’ म्हणू नका, ‘चोरीला गेली’ म्हणा. हरवली म्हटलं की गहाळ झाल्याचा दाखला हातात पडतो आणि तपास तिथंच संपतो. चोरीची दखलपात्र तक्रार असेल तर एफआयआर होतो, त्याची प्रत फुकट मिळते. हद्दीचा वाद निघाला तर घाबरू नका, पेठांत गल्ली ओलांडली की ठाणं बदलू शकतं, पण नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार हद्द कुठलीही असो, माहिती घ्यावीच लागते. ऑनलाइन माहिती दिली तर तीन दिवसांच्या आत जाऊन सही करायची. अदखलपात्र नोंद झाली, ज्याला सगळे ‘एनसी’ म्हणतात, तर तिचाही नंबर घेऊन ठेवा. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करू शकत नाहीत, पण उद्या त्याच चोराकडे दहा सायकली सापडल्या तर तुमची कुठली हे त्या नोंदीवरून कळतं.

साक्षीदार व्हायची भीती

“नको बाबा, पोलीस केसमध्ये नाव जाईल, पुढं नोकरीला अडचण.” हे मी शंभरदा ऐकलंय. साक्षीदार म्हणून नाव असणं आणि आरोपी म्हणून असणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. चारित्र्य पडताळणीत तुमच्यावर काय दाखल आहे ते बघतात, तुम्ही कुणाच्या प्रकरणात काय सांगितलंत ते नव्हे.

पोलीस जबाब घेतील. पाहिलं तेवढंच सांगा. ‘बहुतेक’, ‘नीट दिसलं नाही’ हे शब्द वापरायला लाजू नका. तपासात पोलिसांपुढे दिलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते, हे कायद्यातच आहे. तो वाचून दाखवायला सांगा आणि चूक असेल तिथं तिथल्या तिथं सांगा. स्त्रिया, पंधराच्या आतली मुलं आणि साठीच्या पुढची माणसं यांना जबाबासाठी घराबाहेर बोलावता येत नाही, पोलिसांनी त्यांच्याकडे जायचं असतं. तेव्हा शेंगावाल्या आजींना ठाण्यात चकरा मारायला लावू नका, अधिकाऱ्यांना नम्रपणे आठवण करून द्या.

आणि आता खाली वाकून बघा

चोराकडून सायकली जप्त झाल्या की ‘मुद्देमाल’ म्हणून ठाण्याच्या आवारात उभ्या राहतात. मालकाला न्यायालयाच्या परवानगीनं परत मिळतात, पण आधी ती आपलीच हे दाखवावं लागतं. पूर्वी नगरपालिका सायकलींवर कर घ्यायच्या आणि पत्र्याचा बिल्ला द्यायच्या, त्यावर नंबर असे. आता सायकलीची सरकारदरबारी नोंदच नाही. तुमच्याकडे आहे तो एकच पुरावा: फ्रेमवर ठोकलेला नंबर. बहुधा तो पायडलच्या दांड्याच्या नळीखाली असतो, काही सायकलींना सीटच्या नळीवर. सायकल उलटी करा, मोबाइलची बॅटरी लावा, फोटो काढा. जुनी घेत असाल तर विकणाऱ्याकडून साध्या कागदावर नंबरासकट पावती लिहून घ्या. चोरीचा माल माहीत असून घेणं हाही गुन्हा आहे, आणि आठशे रुपयांत गिअरची सायकल मिळतेय म्हटल्यावर ‘माहीत नव्हतं’ हे कुणाला पटणार? नंबर गंजानं भरला असेल तर पंक्चरवाल्या भाऊंकडून जरासा पॉलिश पेपर मारून घ्या, हलक्या हातानं. जोरात घासलं तर नंबरही जातो, आणि नंबर घासलेली सायकल सगळ्यांत आधी संशयात येते.